पुस्तकात सापडलेले आपले लोक

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुंबईला लालबागला मामांकडे गेलो होतो. चाळीतल्या मुलांनी विचारले, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, "महादेव कोळी." तर ती म्हणाली, "मग मासे कुठे धरता?" मी सांगितले, आमच्याकडे समुद्र नाही, डोंगर आहे. सगळी हसली. मला पुढे काय सांगावे तेच कळेना.

रात्री मामांना विचारले. मामा दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद आहेत. हे ग्रंथालय १८९८ साली सुरू झाले. तिथून त्यांनी 'सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी' हे पुस्तक आणले. लेखक डॉ. गोविंद गारे. ते स्वतः महादेव कोळी, आणि जन्म १९३९ साली आपल्या जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचा! मला वाटायचे, पुस्तके लिहिणारे सगळे शहरातलेच असतात. गारे २००६ साली वारले.

पुस्तक मोठ्या माणसांचे आहे. अवघड शब्द मामा समजावून सांगत. मुंबईचे सोनकोळी समुद्रावरचे, आपण डोंगरातले. जव्हारचे मुकणे राजेसुद्धा महादेव कोळी होते. राघोजी भांगरे यांनी इंग्रज आणि सावकार यांच्याविरुद्ध बंड केले. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. मामांनी मला दादरहून लोकलने नेऊन तो तुरुंग बाहेरून दाखवला. भिंत लई उंच आहे.

मामा म्हणाले, शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या आपल्या लोकांना तिथे मारले. मुलांनो, आपली सहल गेली होती तेव्हा आपण तिथेच बसून भेळ खाल्ली! मी तर कागद पण तिथेच टाकला होता.

चाळीतल्या मुलांना मी हे सगळे सांगितले. एकाने पुस्तक मागितले, पण ते परत द्यायचे होते. म्हणून मी जमेल तेवढे वहीत उतरवले.

घरी आल्यावर आजीला वही वाचून दाखवली. आजीला वाचता येत नाही. वाघबारशीचे आले तेव्हा ती म्हणाली, "ह्ये त्याला कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "निमगिरीचे आहेत ते." आजी म्हणाली, "मग बरोबर हाय. आन् हिरड्याचं?"

ते मी उतरवलेच नव्हते. मग तीच सांगू लागली. बाळहिरडा कोवळा असतानाच पाडायचा, उन्हात वाळवायचा, काळा झाला की विकायचा. मी लिहीत होतो. मधेच म्हणाली, "तू मुंबईला हिंडत व्हतास, यंदा हिरडा मी एकटीनं येचला. ह्ये पन लिव्ह."

तेही लिहिले.