हिमालयाचे बर्फ आणि एक चुकलेले साल

गेल्या सत्रात इयत्ता नववीच्या वर्गात भूगोलाचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने आम्हास विचारले, "सर, हिमालयाचे बर्फ वितळून जाणार हे खोटे ठरले ना? आमचे काका म्हणतात, शास्त्रज्ञांनी स्वतःच चूक कबूल केली." प्रश्न रास्त होता, परंतु त्याचे उत्तर तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत मावणारे नव्हते, म्हणून ते येथे विस्ताराने देत आहोत. हा वाद घरोघर अर्धामुर्धाच ऐकला गेला असल्यामुळे मुलांबरोबर पालकांनीही हा लेख वाचावा, अशी आमची विनंती आहे.

हवामानबदलाविषयी सर्व राष्ट्रांस सल्ला देणारे आयपीसीसी नावाचे एक मंडळ संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने १९८८ साली स्थापन झाले. हे मंडळ स्वतः संशोधन करीत नाही. इतरांनी केलेल्या संशोधनाची छाननी करून ते काही वर्षांच्या अंतराने मोठा अहवाल सिद्ध करिते. त्याचा चौथा अहवाल २००७ साली निघाला व त्याच वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक मंडळास आणि अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांस विभागून मिळाले. मंडळाचे अध्यक्ष त्या वेळी डॉ. राजेंद्र पचौरी हे होते.

ह्या अहवालाच्या दुसऱ्या खंडातील आशियाविषयक प्रकरणात असे विधान होते की, उष्णता आजच्या वेगाने वाढत राहिल्यास हिमालयातील हिमनद्या २०३५ सालापर्यंत, कदाचित त्याआधीही, नाहीशा होण्याचा संभव फार मोठा आहे. त्याच्या पुढचेच वाक्य असे की, त्यांचे क्षेत्रफळ तोपर्यंत ५ लक्ष चौरस किलोमीटरांवरून १ लक्षावर येईल. विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. नद्या नाहीशा झाल्या, तर १ लक्ष चौरस किलोमीटर बर्फ उरले कोठून? शिवाय हिमालयातील हिमनद्यांचे एकूण क्षेत्रच सुमारे ३३ हजार चौरस किलोमीटर आहे. मग आरंभीचे ५ लक्ष तरी आले कोठून?

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये असे आपले लोक म्हणतात. ह्या नद्यांच्या बाबतीत मात्र मूळ शोधणारा एक मनुष्य निघाला. कॅनडातील ट्रेंट विद्यापीठाचे प्राध्यापक ग्रॅहम कॉगली यांनी आकड्याचा माग काढीत जाऊन पाहिले. अहवालाने आधार दिला होता तो वन्यजीवसंरक्षण करणाऱ्या एका संस्थेच्या २००५ सालच्या पुस्तिकेचा. त्या पुस्तिकेने आधार घेतला होता १९९९ सालच्या एका नियतकालिकातील बातमीचा. बातमी होती एका तज्ज्ञाच्या मुलाखतीवरून लिहिलेली. तिच्यामागे प्रसिद्ध झालेला व तपासलेला शोधनिबंध नव्हताच. ५ लक्ष व १ लक्ष हे आकडे निराळेच निघाले. रशियन शास्त्रज्ञ कोतल्याकोव यांनी १९९६ साली ते ध्रुवप्रदेश वगळून साऱ्या पृथ्वीवरील हिमनद्यांविषयी दिले होते, आणि त्यांनी लिहिलेले साल होते २३५०. साऱ्या जगाचे बर्फ एकट्या हिमालयाच्या खात्यावर जमा झाले, आणि तीन शतकांहून अधिक काळ मधल्यामध्ये गळाला!

त्याच प्रकरणातील एका कोष्टकात कुमाऊंच्या पिंडारी हिमनदीची नोंद आहे. १८४५ पासून १९६६ पर्यंत ती २,८४० मीटर मागे हटली, म्हणजे वर्षाला १३५.२ मीटर, असे तेथे छापले होते. आम्ही हा भागाकार वर्गात फळ्यावर घातला. १८४५ ते १९६६ ही १२१ वर्षे होतात, व उत्तर येते सुमारे साडेतेवीस मीटर. १३५.२ हे उत्तर येण्यासाठी २१ ने भागावे लागते. शंभराचा अंक गळाला होता. मागच्या बाकावरील मुलांस ह्या शोधाने जो आनंद झाला, त्याचे वर्णन न केलेले बरे.

अधिक खेदाची गोष्ट अशी की, इशारे आधीच मिळाले होते. मसुदा परीक्षणासाठी फिरला तेव्हा वरील दोन वाक्यांतील विसंगती एका परीक्षकाने दाखविली होती, आणि जपान सरकारने ह्या विधानाची खात्री कितपत, असे विचारले होते. तपासनिसाने समासात लाल शाईने खूण करावी आणि विद्यार्थ्याने वही न उघडताच पुन्हा तीच द्यावी, हा प्रकार आम्हा शिक्षकांच्या परिचयाचा आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने एक चर्चापत्र प्रसिद्ध केले. लेखक होते भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे निवृत्त उपमहासंचालक व्ही. के. रैना. हिमालयातील हिमनद्या असाधारण वेगाने हटत आहेत असे दाखविणारा पुरावा नाही, असे त्यांचे म्हणणे. मंत्री जयराम रमेश यांनी ते पत्र उचलून धरले. डॉ. पचौरी यांनी त्याची संभावना जादूटोण्याचे शास्त्र अशा अर्थाच्या शब्दांत केली. पुढच्याच महिन्यात कोपनहेगन येथे जागतिक परिषद भरावयाची होती, त्यामुळे वातावरण आधीच तापलेले होते. आमच्या मते ही संभावना अनुचित होती. पुरावा मागणाऱ्यास पुरावा दाखवावा, नावे ठेवू नयेत. आणि येथे तर दाखविण्यास पुरावा नव्हता. २० जानेवारी २०१० रोजी मंडळाने खेद प्रकट केला व ते विधान नीट आधार नसलेले असल्याचे मान्य केले. हिमनद्यांचा ऱ्हास होत आहे हा व्यापक निष्कर्ष मात्र कायम असल्याचे त्याच पत्रकात म्हटले होते.

मग रैना सर्वस्वी बरोबर ठरले काय? सालाच्या बाबतीत होय. परंतु हिमनदीचे तोंड कोठे आहे एवढ्यावरून तिची प्रकृती कळत नाही. पुष्कळ हिमालयीन हिमनद्यांवर दगडमातीचा जाड थर असतो; अशा नदीचे तोंड जागच्या जागी राहून अंग मात्र झिजत जाते. काराकोरमातील काही हिमनद्या तर स्थिर आहेत, क्वचित वाढल्याही आहेत. सबब झीज मोजावयाची ती उंचीवरून.

हे मोजमाप २०१९ साली अनपेक्षित मार्गाने झाले. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने हेरगिरीसाठी सोडलेल्या हेक्सागॉन उपग्रहांची छायाचित्रे पुढे खुली झाली. त्यांवरून संशोधकांनी २,००० किलोमीटर टापूतील ६५० हिमनद्यांची जुनी उंची काढून नव्या उंचीशी ताडून पाहिली. १९७५ ते २००० ह्या काळात दरवर्षी सरासरी २२ सेंटिमीटर पाण्याइतके बर्फ गेले; २००० ते २०१६ ह्या काळात ४३ सेंटिमीटर. झीज जवळजवळ दुप्पट झाली. त्याच वर्षी काठमांडू येथील इसिमोड संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे अनुमान आहे की, जगाची उष्णता दीड अंशापलीकडे वाढू दिली नाही तरी हिंदुकुश-हिमालयाचे एक तृतीयांश बर्फ ह्या शतकाअखेर जाईल.

त्या विद्यार्थ्याच्या काकांस आमचा निरोप एवढाच की, कबुली दिली गेली ती एका सालाची व एका आधाराची. हवेतील कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवून धरितो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ साली प्रयोगांस आरंभ करून सिद्ध केले; त्याचे हवाई बेटांवर मोजलेले प्रमाण १९५८ साली दशलक्षांत ३१५ भाग होते, ते आता ४२० च्या वर गेले आहे. ह्या गोष्टींचा त्या पुस्तिकेशी काही संबंध नाही.

२०३५ साल आता फार दूर राहिलेले नाही. आज नववीत बसलेली मुले तेव्हा पंचविशीच्या आसपास असतील. त्यांच्यापैकी कोणी गोमुखास गेल्यास सुमारे तीस किलोमीटर लांबीची गंगोत्री हिमनदी त्यांस तेथे भेटेल; फक्त बर्फाच्या कड्यापर्यंत पोहोचण्यास आजच्या यात्रेकरूपेक्षा थोडे अधिक चालावे लागेल.