डेस्कटॉप किती वर्षं चालवायचा? वर्षाचा भाव काढून ठरवा

जून लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या आपले सरकार सेवा केंद्रांवर दाखल्यांसाठी रांगा लागतात, जुलैत पीकविम्याची गर्दी होते आणि डेस्कटॉप नेमका याच दिवसांत मान टाकतो. मेकॅनिकला फोन जातो. तिकडून दोनपैकी एक सल्ला येतो: ‘आता नवीनच घेऊन टाका’ किंवा ‘एसएसडी टाकून देतो, पाच वर्षं बघायचं काम नाही’. आपल्या मशीनला यातला कोणता लागू, हे स्वतः ठरवता येतं. त्यासाठी एकच भागाकार करायचा: होणारा खर्च भागिले त्यातून मिळणारी वर्षं. त्याला वर्षाचा भाव म्हणू.

नवा सेट ३८ हजारांना घेतला, सात वर्षं चालवला आणि मधल्या काळात यूपीएसच्या बॅटऱ्या, एखादा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) असे चार हजार घातले, तर एकूण ४२ हजार. वर्षाचा भाव सहा हजार, महिन्याला पाचशे. जुन्या मशीनच्या दुरुस्तीचं कोटेशन आलं की ते याच सहा हजारांशी ताडून बघायचं.

कागदावरचं वय आणि खरं वय

कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं धरलं आहे. आयकरात संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा मिळतो, तोही शिल्लक किमतीवर. म्हणजे ४० हजारांचं मशीन चार वर्षांनी हिशेबाच्या वहीत ५,१८४ रुपयांचं उरतं. खरेदीच्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर घसारा निम्मा, २० टक्केच. त्यामुळे ‘मार्चअखेर घ्या, टॅक्स वाचेल’ या सल्ल्याला भुलून घाई करण्यात फारसं काही हाती लागत नाही.

प्रत्यक्षात मात्र मशीन एकदम म्हातारं होत नाही, त्याचे भाग वेगवेगळ्या वेळी थकतात. रोज आठ-दहा तास वापर असेल तर साधारण अंदाज असा: यूपीएसची बॅटरी दोन ते तीन वर्षं, पंखा आणि जुन्या पद्धतीची हार्डडिस्क तीन ते पाच, मदरबोर्डवरचा सीमॉस सेल तेवढाच, एसएमपीएस पाचच्या आसपास, मॉनिटर आठ-दहा. प्रोसेसर सहसा जळत नाही. तो सॉफ्टवेअरच्या मागण्यांपुढे मागे पडतो.

थकलेला भाग कधी कधी फसवतोही. सीमॉस सेल संपला की मशीन सुरू करताच तारीख पाच-सात वर्षं मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांचं प्रमाणपत्र ब्राउझरला पटत नाही, पोर्टल उघडत नाही. ग्राहक म्हणतो नेट बंद आहे, चालक म्हणतो सर्व्हर डाउन आहे, आणि दोष असतो चाळीस रुपयांच्या सेलचा. मोठ्या खर्चाला हात घालण्याआधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघून घ्यावी.

घाटावर आणि घाटाखाली

आपल्या जिल्ह्यात एकाच मॉडेलचं आयुष्य तालुक्यागणिक बदलतं. घाटावर, बुलढाणा-चिखलीकडे, हवा थोडी सौम्य. घाटाखाली, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोदच्या पूर्णाकाठच्या पट्ट्यात उन्हाळ्याचा पारा बेचाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या दुकानात सीपीयू भिंतीला चिकटून ठेवला असेल तर आतली गरम हवा आतच फिरते.

त्यात कापसाची भर. खामगाव-मलकापूरकडे जिनिंगच्या आसपास असलेल्या कार्यालयातला सीपीयू उघडून पाहा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये रुईचं तूस आणि धूळ मिळून जाड नमदा बसलेला असतो. पंखा जिवाच्या आकांताने फिरतो, पण हवा खाली पोचतच नाही. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि आपण म्हणतो, ‘कम्प्युटर हँग होतोय, बदलायला झाला.’ वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीआधी, ब्लोअरने सफाई आणि गरजेप्रमाणे थर्मल पेस्ट एवढ्याने ही तक्रार पुष्कळदा मिटते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायला सांगा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

दुसरा शत्रू विजेचा. रब्बीत मोटारपंप सुरू झाले की खेड्यातल्या लाइनचा दाब उतरतो, मग अचानक चढतो. या चढउतारात आधी एसएमपीएस जातो आणि कधी जाताना मदरबोर्डलाही घेऊन जातो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या पुढे दिसला तर आधी अर्थिंग सुधारा. मृगाच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की प्लग तर काढाच, नेटची तांब्याची केबलही काढा. बरेच नेटवर्क पोर्ट त्या वायरीतूनच जळतात.

सॉफ्टवेअरने घातलेली मर्यादा

भाग बदलून मशीन दहा वर्षंही चालवता येतं, पण आता अडचण दुसरीकडे आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर झाली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट लागतं. रॅम ४ जीबी चालते असं कागदावर लिहिलं असलं तरी कामाला ८ जीबीच्या खाली जाऊ नये.

पिढी ओळखणं सोपं आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडा. प्रोसेसरच्या नावात आय५-८४०० असेल तर आठवी पिढी, आय५-४५७० असेल तर चौथी, आय३-१०१०० असेल तर दहावी. एएमडी रायझन असेल तर नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत पाहूनच ठरवा. २००० मालिकेतही सगळे बसत नाहीत. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप हो की नाही ते सरळ सांगतं. अस्सल विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे लागत नाहीत.

तुमचं मशीन कोणत्या गटात?

आठवी पिढी किंवा पुढची: बिनधास्त खर्च करा. हार्डडिस्कऐवजी एसएसडी आणि थोडी रॅम यावर सहा हजार गेले आणि चार वर्षं मिळाली, तर वर्षाचा भाव दीड हजार. याहून स्वस्त सौदा नाही.

चौथी ते सातवी पिढी: हात आखडता घ्या. सेल, सफाई, एसएमपीएस एवढंच, दोन-अडीच हजारांच्या आत. मदरबोर्ड दुरुस्ती आणि रॅम मिळून साडेपाच हजारांचं कोटेशन आलं आणि मशीन आणखी एकच वर्ष चालणार असेल, तर जवळजवळ नव्याचा भाव देऊन जुनंच वापरल्यासारखं होतं. ‘जुगाड करून ११ टाकून देतो’ असं कोणी म्हटलं तर टाकता येतं हे खरं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लोकांचे आधार आणि बँक खात्यांचे तपशील हाताळणाऱ्या सेवा केंद्राने हा धोका पत्करू नये. फक्त ब्राउझर आणि टायपिंगचं काम असेल तर लिनक्स मिंट मोफत आहे. मात्र टॅली, डीटीपीची जुनी सॉफ्टवेअर, बोटांच्या ठशांचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन यांतलं काही लागत असेल तर आधी ते चालतं का हे तपासा. टॅलीसाठी विंडोजच हवं.

तिसरी पिढी आणि मागचं सगळं: एक पैसाही घालू नका. मदरबोर्ड गेला की ‘नवा’ एच६१ बोर्ड बसवून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. बोर्ड दिसायला कोरा असतो, पण त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचाच प्रोसेसर आणि जुनी डीडीआर३ रॅम बसते. एवढे पैसे नव्या मशीनच्या खात्यात ठेवा.

खर्चाचा अंदाज

दुकान, ब्रँड आणि आठवडा बदलला की भाव बदलतो, म्हणून हे आकडे घासाघीस सुरू करण्यापुरते.

- सीमॉस सेल: ३० ते ६० रुपये
- सफाई आणि थर्मल पेस्ट: ३०० ते ५००
- एसएमपीएस: साधा ७०० ते १,२००, चांगल्या कंपनीचा २,००० ते ३,५००
- यूपीएसची बॅटरी: ८०० ते १,२००
- नवा ६०० व्हीए यूपीएस: २,५०० ते ३,५००
- आठव्या पिढीचा आय५ रिफर्बिश्ड सीपीयू: १४ ते २० हजार
- नवा असेंबल्ड सीपीयू: २८ ते ३८ हजार
- २२ इंची मॉनिटर: ६ ते ८ हजार

रॅम आणि एसएसडीचा आकडा इथे मुद्दाम दिलेला नाही. २०२५ च्या मध्यापर्यंत ८ जीबी डीडीआर४ रॅम किंवा २५६ जीबी एसएसडी दीड-दोन हजारांत येत होती. एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरी चिपचा ओघ वळला आणि वर्षअखेरीपासून भाव भडकले. खरेदीच्या दिवशी किमान दोन दुकानांतून भाव घ्या. जुनं मशीन एक्स्चेंजला देतानाही आतल्या डीडीआर४ रॅमची किंमत वेगळी करायला सांगा. दुरुस्तीला टाकण्याआधी रॅम आणि एसएसडीवरच्या सीरियल नंबरचे फोटो काढून ठेवा.

एसएमपीएसवर मात्र पैसे वाचवू नका. थोडे रुपये वाचवायला जाऊन तीस हजारांचं मशीन धोक्यात जातं.

रिफर्बिश्ड घेताना

मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही मशीन चांगली असतात. सीपीयू १६ हजार, मॉनिटर जुनाच, देखभालीला दोन हजार आणि चार वर्षं वापर धरला तर वर्षाचा भाव साडेचार हजार पडतो. गफलत होते ती मॉडेलमध्ये. ऑप्टिप्लेक्स ७०५० आणि ७०६० दिसायला भावंडं, पण ७०५० सहाव्या-सातव्या पिढीचं आणि ७०६० आठव्या. तसंच एलिटडेस्क ८०० मध्ये जी३ टाळा, जी४ घ्या. थिंकसेंटरमध्ये एम९१० सोडा, एम९२० बघा. मशीन दुकानातच सुरू करून प्रोसेसरचं नाव स्वतः वाचा. या मशीनचे एसएमपीएस वेगळ्या मापाचे असतात, गावात लगेच मिळत नाहीत. ‘गेला तर किती दिवसांत देणार?’ हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.

बिल, वॉरंटी, तक्रार

घाटाखालची मंडळी मशीन घ्यायला अकोल्याला किंवा जळगावला जातात, देऊळगाव राजा-चिखलीकडची जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला. बाहेरून आणलेलं मशीन हजार-दोन हजारांनी स्वस्त पडतं. पण बिघडलं तर घेऊन जायचं कोणी, त्याचं भाडं कोणाचं, हे आधी ठरवा. ब्रँडेड मशीनला जागेवर येऊन दुरुस्ती आहे म्हणतात, ती तुमच्या पिनकोडला आहे का ते कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर विचारा.

कच्च्या पावतीवर वॉरंटी मागता येत नाही. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस यांची नावं आणि सीरियल नंबर लिहून घ्या. ‘आय५ कम्प्युटर सेट, एक नग’ एवढंच लिहिलेलं बिल परत करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

जुन्याचं काय करायचं?

आधी डिस्क. नुसतं फॉरमॅट करून दिलेल्या डिस्कमधून ग्राहकांच्या आधारकार्डाच्या प्रती परत काढता येतात. डिस्क काढून स्वतःकडे ठेवा किंवा संपूर्ण पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने पुसा. उरलेला डबा भंगारात देऊ नका. ई-कचरा नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुन्या उपकरणांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. कंपनीच्या परत-घेण्याच्या योजनेत किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रातच मशीन द्या.

थोडक्यात, आठव्या पिढीचं किंवा पुढचं मशीन असेल तर ते टिकवा. त्याच्या मागचं असेल तर मोठा खर्च थांबवून बदलीची तयारी करा. तपासणी होळीनंतर करा आणि निर्णय एप्रिलमध्येच घ्या. दाखल्यांची रांग दारात उभी असताना मिळेल ते मिळेल त्या भावाने घ्यावं लागतं आणि तेव्हा वर्षाचा भाव काढायला कोणालाच सवड नसते.