एका घरात दोन धर्म

शास्त्रपाठ : १ करिंथ ७:१०-१७ व ३९, १ पेत्र ३:१-४, प्रेषितांची कृत्ये १६:१, २ तीमथ्य १:५

धर्माबाहेरील प्रेमविवाह हा टेलिव्हिजनच्या मालिकांचा आवडता विषय आहे. तरुण-तरुणीची ओळख होते, वडीलमंडळी विरोध करतात, आणि अखेर लग्न लागले की कथा संपते. १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर एक चित्रपट केला. लक्ष्मीबाईंचे काम सुहास जोशी यांनी केले. ही कथा मात्र लग्नानंतरची आहे. पतीने एक धर्म धरला आणि पत्नी दुसऱ्यात राहिली, तर त्या घराचे काय व्हावे? करिंथच्या मंडळीने पौलाला विचारलेल्या प्रश्नांत हाही होता. या पाठात आपण त्याचाच विचार करू.

१. करिंथ येथील घरे

करिंथ येथे सुवार्ता पोहोचली तेव्हा कित्येक घरांत पती-पत्नींपैकी एकानेच विश्वास ठेवला. मूर्तिपूजक जोडीदाराबरोबर राहिल्याने आपण अशुद्ध होतो की काय, अशी शंका काहींच्या मनात आली. पौलाचे उत्तर स्पष्ट आहे. विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहण्यास राजी असेल, तर विश्वासी व्यक्तीने त्याला सोडू नये. अशुद्धता त्याच्याकडून हिच्याकडे येत नाही. उलट हिच्यामुळे ते घर व मुले पवित्र ठरतात. तो आपण होऊन निघून गेला तर त्याला बळाने अडवू नये, कारण देवाने आपल्याला शांतीसाठी बोलावले आहे. जोडीदाराचे तारण होईलच असे अभिवचन पौल देत नाही. ते देवाच्या हाती ठेवून तो आपल्याला केवळ विश्वासूपणे राहण्यास सांगतो.

२. टिळकांचे घर

नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचे माहेर कडक सोवळ्याओवळ्याचे होते. त्यांना हा घाव केवढा बसला असेल! लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षे नातेवाइकांत राहिल्या.

त्या काळी १८६६ चा एक कायदा होता. ख्रिस्ती झाल्यामुळे जोडीदाराने सहा महिने टाकले, तर ख्रिस्ती झालेल्यास न्यायालयाकडे विवाहविच्छेद मागता येत असे. टिळकांना हा मार्ग मोकळा होता. पण ते त्या वाटेने गेले नाहीत, दुसरे लग्नही त्यांनी केले नाही. त्यांनी वाट पाहिली.

पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, त्याही आपले सोवळे राखूनच. हळूहळू त्यांच्या मनाने घेतले की जातिभेद देवाने केलेला नाही. मग त्या सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. इ. स. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. त्याचे बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी रचले. जिला कोणी घाई केली नाही, तिने पतीचे अर्धे राहिलेले काम पुढे नेले. पेत्राच्या पत्रात पत्नीच्या मूक वर्तनाने पती जिंकला जाण्याची गोष्ट आहे. येथे पतीच्या धीराचाही तोच धडा दिसतो.

३. ज्यांचे लग्न अजून व्हायचे आहे

येथे आपण एक भेद नीट ध्यानात धरावा. पौलाचे वरील शब्द आधीच विवाहित असलेल्यांसाठी आहेत. “लक्ष्मीबाई आल्या, तशी माझी पत्नीही येईल,” असे म्हणून लग्न ठरवणे हा त्या शब्दांचा अर्थ नव्हे. नव्याने लग्न करणाऱ्या विधवेला तोच पौल सांगतो की ते प्रभूमध्ये व्हावे. प्रार्थना, मुलांचा बाप्तिस्मा, सण, मरणसमयीचे विधी, या प्रत्येक ठिकाणी प्रश्न उभा राहतो. प्रेमाच्या भरात तो दिसत नाही. पाच वर्षांनी दिसतो.

आमच्या मते याहून मोठा धोका लग्नाच्या आदल्या आठवड्यातील बाप्तिस्म्यात आहे. घराणे राजी व्हावे म्हणून घेतलेला बाप्तिस्मा ना वराच्या उपयोगी, ना मंडळीच्या. लग्नासाठी कोणी धर्म बदलावा अशी कायद्याची गरजही नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघे आपापल्या धर्मात राहून विवाह करू शकतात. त्यासाठी तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. मध्य प्रदेश व गुजरात येथे लग्न आणि धर्मांतर यांविषयीचे कायदे २०२१ साली कडक झाले. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथील पाळकांनी अशा प्रसंगी आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

४. मंडळीचे काम

मुलीने बाहेर लग्न केले म्हणजे तिचे नाव रजिस्टरातून काढावे, आईबापांनी प्रभुभोजनाला येताना मान खाली घालावी, अशी रीत काही ठिकाणी पडली आहे. मंडळीने लग्नापूर्वी स्पष्ट शिकवावे, हे योग्यच. परंतु लग्न झाल्यावर ते घर पौलाच्या सातव्या अध्यायातले घर होते, आणि तेथे तोडण्याची आज्ञा नाही. तीमथ्याचा पिता हेल्लेणी होता. आई युनीके व आजी लोईस यांनी त्याला विश्वासात वाढवले. लुस्त्र येथील बंधूंनी या घराला दूर लोटले असते, तर तीमथ्याविषयी चांगली साक्ष कोणी दिली असती?

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत असे घर आहे काय? त्यांच्याकडे शेवटची भेट केव्हा झाली?
२. तरुण संघात विवाहाविषयी शिक्षण वेळेवर दिले जाते, की बातमी कानी आल्यावर?
३. टिळकांची वाट पाहणे आणि नुसते गप्प बसणे यांत फरक कोणता?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या मुलामुलींना सुज्ञता दे, ज्या घरांत विश्वास एकट्याचा आहे तेथे धीर दे, आणि त्यांच्यासाठी आमची दारे उघडी ठेव. आमेन.