सहल नव्हे गं, संसार

अगं, घराला गिऱ्हाईक बघायच्या आधी जरा माझ्याजवळ बस. मला माहितीये तुझं काय चाललंय. डॅलसजवळचं चार बेडरूमचं घर, गॅरेजमध्ये मागच्या बदलीपासून न उघडलेले खोके, नवरा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, मुलगा खालच्या खोलीत टॅबलेटवर आणि तू दोघांच्या मध्ये जिने चढत-उतरत. मग रात्री झोप लागली नाही की फोनवर आरव्ही बघत बसायचं. चाकांवरचं घर, पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, खिडकीबाहेर युटाचे लाल डोंगर. असं राहावंसं वाटणं यात वेडेपणा काही नाही. अमेरिकेत बारा महिने असं राहणारी पुष्कळ कुटुंबं आहेत, आम्हीही त्यातलेच.

खरं सांगू का, तुला धास्ती वाटते ती एवढी मोठी गाडी चालवायची, आणि ते बरंच लवकर जमतं. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये पुन्हा पुन्हा मागे घे, वळव, लाव; हात बसतो. खरा कस लागतो तो पाणी, वीज, पत्ता, दुखणीखुपणी आणि मुलाचा अभ्यास यांत. आणि हे सगळं तू आजही एकटीच्या डोक्यावर सांभाळतेस. म्हणून म्हणते, तुला हे जमेल. फक्त लांबलेली सहल समजून निघू नकोस.

आधी कागदपत्रं बघ. फोटोंमध्ये ती कधी दिसत नाहीत. नवरा एच-वन-बी व्हिसावर असेल, तर त्याची कामाची जागा अर्जात लिहिलेली असते. त्या भागाबाहेर बस्तान हलवून काम करायचं, तर कंपनीला आधी सुधारित अर्ज करावा लागतो. थोड्या दिवसांच्या कामाला सवलती आहेत, पण दर महिन्याला नवं राज्य हे त्यात बसत नाही. ‘लॅपटॉपवरच तर काम आहे, कोणाला कळणार?’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, इतक्या वर्षांची ग्रीन कार्डची रांग त्यापायी पणाला लावायची नाही. तोवर सुट्टीपुरती हौस भागव. आणि ग्रीन कार्ड आल्यावरसुद्धा पत्ता बदलला की १० दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं, तेही ध्यानात ठेव.

आता पत्ता. घर फिरतं असलं तरी लायसन्स, गाडीची नोंदणी, मतदान, बँक, विमा या सगळ्यांना एक कायमचं राज्य लागतं. बहुतेक जण टेक्सस, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा निवडतात, कारण तिथे पगारावर राज्याचा आयकर नाही आणि टपाल सांभाळून पुढे पाठवणाऱ्या चांगल्या सेवा आहेत. तू तर टेक्ससमध्येच आहेस, तुझं निम्मं काम झालं! जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८मध्ये ‘एस्केपीज’ नावाचा क्लब सुरू केला, त्याचं मुख्य ठाणं टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टनला आहे. कितीतरी फिरत्या कुटुंबांचं टपाल तिथे येतं. वय झालेल्या, आजारी पडलेल्या आरव्हीवाल्यांना आधार देणारं केंद्रही तिथेच उभं राहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आयुष्यभर रस्त्यावर राहिलेल्या माणसाला शेवटी कुठे जायचं याचा विचार कोणीतरी केला.

पण टेक्ससचा पत्ता आहे म्हणून कर संपला असं मात्र नाही. कॅलिफोर्नियात मुक्काम ठोकून तिथून काम केलं, तर त्या कमाईवर कॅलिफोर्निया हक्क सांगू शकतं. तेव्हा नवऱ्याच्या कंपनीच्या पगारखात्याला आधी विचार, मग नकाशा काढ. आरोग्य विम्याचंही तसंच. बाजारातून घेतलेल्या बऱ्याच पॉलिसींचे डॉक्टर एकाच राज्यापुरते असतात. बाहेर फक्त तातडीचे उपचार मिळतात. म्हणून दात, डोळे, मॅमोग्राम, मुलाच्या लशी हे सगळं टेक्ससमध्ये असताना एका महिन्यात उरकून घ्यायचं. स्वतःची अपॉइंटमेंट आधी घे गं, बाकीच्यांच्या मागून नको. तुझी सवय मला माहिती आहे.

आता पाण्याकडे येऊ. या घरात तीन टाक्या असतात. एक पिण्या-वापरायच्या पाण्याची, दुसरी मोरी आणि सिंकच्या सांडपाण्याची, तिला करडी टाकी म्हणतात, आणि तिसरी संडासची, ती काळी. काळी टाकी रिकामी करायच्या विचारानेच तुझ्या अंगावर काटा येतो ना? तर ऐक, एकदा नीट शिकलीस की दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. रबरी हातमोजे घाल. मैल्याची नळी जमिनीतल्या भोकात घट्ट बसव आणि गाडीकडच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा कोपर लाव, म्हणजे आतून काय वाहतंय ते दिसतं. आधी काळी टाकी सोड. कोपरातून जवळजवळ स्वच्छ पाणी दिसेपर्यंत टाकी धुऊन घे, मग तो व्हॉल्व्ह बंद कर. त्यानंतर करडी सोड, म्हणजे साबणाचं पाणी नळी आपोआप धुऊन काढतं. क्रम उलटा करायचा नाही. आणि बघ, मुक्कामात नळी जोडलेली असली तरी काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा टाकायचा नाही. पाणी निघून जातं आणि घट्ट भाग तळाला साचून दगडासारखा होतो. टाकी दोन तृतीयांश भरू दे, मग सोड. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, तिचा कप्पा वेगळा. ती मैल्याच्या नळीशेजारी ठेवायची नाही म्हणजे नाही. नळाला प्रेशर रेग्युलेटरही लाव, कारण काही कॅम्पग्राउंडमध्ये पाण्याचा दाब इतका असतो की गाडीतले नाजूक पाइप फुटतात. ४० ते ६० पीएसआय पुरे.

आपल्या स्वयंपाकाने करडी टाकी लवकर त्रास देते, हे तुला इथल्या बायका सांगणार नाहीत. हळद-तेलाची कढई तशीच सिंकमध्ये विसळलीस तर टाकीत तेलाचा थर बसतो आणि उन्हाळ्यात असा वास सुटतो की विचारू नकोस. म्हणून कढई, ताटं आधी कागदाने लख्ख पुसायची, खरकटं कचऱ्यात टाकायचं, मग चमचाभर साबणाचं पाणी. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी एका पातेल्यात धरून ठेव, पहिलं विसळण त्यातच होतं. ४० गॅलनची करडी टाकी तिघांत दोन-तीन दिवसांत भरते, आणि नळजोडणी नसलेल्या जागी तोच तुझ्या मुक्कामाचा हिशेब.

फोडणी बंद करायची का, हा प्रश्न मला नेहमी येतो. नाही, मुळीच नाही! मोहरी घालायच्या आधी छतातला पंखा हवा बाहेर फेकेल असा लाव, समोरची खिडकी बोटभर उघड, मग मिरची टाक. ठसका सरळ वर जातो. धुराचा अलार्म वाजला म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवायची नाही, एवढं मला वचन दे. गॅसचा अलार्म जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, ते खाली साचतं; त्याच्यापुढे चपलांचा ढीग नको. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटती ठेवून गाडी ऊबदार करायची नाही, कार्बन मोनॉक्साइडचा भरवसा नसतो. पुऱ्या, भजी, अळूवडी तळायची ती बाहेरच्या शेगडीवर. शेजारचे लोक वासाने येतातच, दोन भजी दिलीस की ओळख होते, आणि पुढच्या वेळी गाडी लावताना मदतीचे चार हात मिळतात. कोलोरॅडोत उंचावर गेलीस तर कुकर सोबत हवाच. १०,००० फुटांवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. हिंग, कोकम, गोडा मसाला हे फिनिक्स किंवा डेन्व्हरसारख्या शहरातून भरून घ्यायचं. पुढे शेकडो मैल मिळणार नाही.

विजेचं गणित सोपं आहे. ३० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टवर फार तर ३,६०० वॅट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि चहाची इलेक्ट्रिक किटली एकदम लावलीस की ब्रेकर पडलाच. चहा होईपर्यंत एसी बंद, एवढी शिस्त तिघांनाही लागते. ५० अँपिअरची गाडी असेल तर १२,००० वॅटपर्यंत मोकळीक. जोडण्याआधी सर्ज प्रोटेक्टर लाव. खांबावरची वायरिंग बिघडलेली असेल तर तो आधी सांगतो. इंटरनेटला दोन वेगळ्या कंपन्यांची सोय ठेव, म्हणजे एक गेलं तरी नवऱ्याची मीटिंग अडत नाही.

ट्रकने ओढायचा ट्रेलर घेणार असशील, तर ‘ट्रक किती ओढतो’ एवढंच विचारू नकोस. तुझ्या ट्रकच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. ती मर्यादा बऱ्याचदा ओढायच्या क्षमतेआधीच संपते. पाण्याच्या एका गॅलनचंच वजन आठ पौंडांहून जास्त. सगळं भरून झालं की महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर काट्यावर वजन करून घे. आणि टायरवर डीओटीनंतरचे शेवटचे चार आकडे वाच. २३२१ असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी दिसली तरी सात वर्षांचा टायर माझ्या घराखाली नको, आणि तुझ्याही.

हवामानाचं एक सांगते, ते कुठेतरी लिहूनच ठेव. कुठेही पोचलीस की आधी काउंटीचं नाव विचार. टॉर्नेडोच्या इशाऱ्यात काउंटीची नावं सांगतात, आणि अनोळखी ठिकाणी रात्री दोन वाजता फोन वाजला तर ‘हे आपल्यासाठी आहे का?’ हे तुला कळायला हवं. आरव्ही हा वादळात आसरा नाही. कॅम्पग्राउंडची पक्की इमारत कुठली, ऑफिस की स्वच्छतागृह, हे दिवसाउजेडी मुलाला घेऊन चालत जाऊन बघून ठेव.

मुलाची काळजी तुला सगळ्यात जास्त, हो ना? होमस्कूलिंगचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्ससमध्ये ते सैल आहेत, न्यूयॉर्क-पेनसिल्व्हेनियात कागद पुष्कळ लागतात. सकाळचे दोन-तीन तास गणित-भाषेचे ठरलेले, त्यात तडजोड नाही. बाकी शिक्षण बाहेर असतंच. नॅशनल पार्कमध्ये ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मिळते. मूल ती भरतं, रेंजरसमोर हात वर करून शपथ घेतं आणि बॅज लावून घेतं. चौथीतल्या मुलांना वर्षभर उद्यानांचा मोफत पासही मिळतो. पण बघ, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मित्र लागतात, आणि दर चार दिवसांनी जागा बदललीस तर ते मिळत नाहीत.

म्हणून वेग कमी ठेव गं. इथे जुने लोक म्हणतात, दिवसाला ३०० मैलांवर जायचं नाही, दुपारी ३च्या आत पोचायचं, निदान ३ दिवस राहायचं. मी तर म्हणेन, नोकरी आणि मूल असताना तीन आठवडे राहा. महिन्याचं भाडं दिवसाच्या हिशेबाने खूप स्वस्त पडतं, डिझेल वाचतं, ग्रंथालयाचं कार्ड मिळतं, बाजार ओळखीचा होतो. पश्चिमेत सरकारी जमिनीवर बऱ्याच ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं, मग हलावं लागतं. ॲरिझोनातल्या क्वार्टझाइटला मात्र १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा अख्खा हिवाळा थोडक्या फीमध्ये काढता येतो. पाणी-वीज आपलं आपण बघायचं. ती जागा दुसऱ्या वर्षासाठी ठेव. पहिल्या वर्षी जोडणीवाली कॅम्पग्राउंडंच बरी.

आणि भांडणं होतील. एवढ्याशा जागेत रुसून जायला दुसरी खोली नसते. ‘मी अर्धा तास चालून येते’ असं म्हणायचा हक्क दोघांनी एकमेकांना आधीच देऊन ठेवा, आणि त्यावर ‘कुठे, का’ विचारायचं नाही. गाडी मागे घेताना एकमेकांवर ओरडण्यापेक्षा दोन्ही फोन चालू ठेवा. आवाज चढत नाही. पुण्याहून सासू-सासरे आले तर त्यांना गाडीतल्या सोफ्यावर झोपवू नकोस. बऱ्याच कॅम्पग्राउंडमध्ये लाकडी केबिन भाड्याने मिळतात, तुमच्या शेजारचीच घे. ट्रेलर चालू असताना बहुतेक राज्यांत आत कोणाला बसता येत नाही, तेव्हा त्यांच्या दोन जागा ट्रकमध्ये धरायच्या.

आता घर. विकू नकोस, पहिलं वर्ष भाड्याने दे. नवी आरव्ही शोरूमबाहेर पडली की किंमत उतरते, आणि कर्ज मात्र पंधरा-वीस वर्षं चालतं. आधी महिनाभर भाड्याची आरव्ही घ्या, सुट्टी न घेता. त्याचं ऑफिस चालू, मुलाचं गणित चालू, कपडे, डबे, ताप, पाऊस सगळं त्यात येऊ दे. शाळा सुटायच्या आधीच जागा बघायला लाग. नॅशनल पार्कमधल्या बऱ्याच जागांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लगेच भरतात. सोमवार ते गुरुवार बघ, मिळेल. मिळाली की काउंटीचं नाव मला कळव.