भाकर, भात आणि गोळी



आरोग्य शिबिरांची बातमी वाचून काही वाचकांनी विचारले आहे की, ज्या पाड्यांवर पोटभर जेवणाची भ्रांत, तिथे मधुमेह आणि रक्तदाब कुठून आले? प्रश्न रास्त आहे. म्हणून या वेळचा पाठ ताटाविषयी.

मी आरोग्यसेविका म्हणून जव्हार-मोखाडा भागात जाते. इथल्या वरकस जमिनीत नागली आणि वरई पिकते, सोबत उडीद, कुळीथ. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं, करटोली रानातून घरी येतात. आज मात्र बहुतेक घरांत दोन्ही वेळा पांढरा भात आणि त्यावर पातळ कालवण असते. सकाळी गोड चहा व बिस्किटे, मुलांच्या हातात वेफर्सचे पाकीट. रेशनच्या तांदळाला मी दोष देणार नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे माणशी 5 किलो धान्य मिळते आणि त्यावर कितीतरी चुली पेटतात. पण त्या भातासोबत डाळ, भाजी, अंडे, मासळी हवी, तीच ताटातून कमी झाली.

याला दुसरे कारणही आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, आपल्याकडची कमी वजनाची बाळे दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त असते. पोटात असताना उपाशी राहिलेल्या बाळाला मोठेपणी मधुमेहाचा धोका अधिक. म्हणजे हडकुळ्या माणसालाही साखर होते. म्हणूनच शहरातले ‘वजन घटवा, रात्रीचे जेवण सोडा’ असे छापील कागद मी शिबिरात वाटत नाही. 42 किलोच्या बाईला वजन घटवायला सांगणे म्हणजे तिला आणखी आजारी करणे. तिला जेवण कमी करायचे नाही, जेवणाचा साचा बदलायचा आहे.

साचा असा : ताटाचा अर्धा भाग भाजी, पाव भाग डाळ, उसळ, अंडे किंवा मासळी आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकर. बारीक माणसाने डाळ, शेंगदाणे आणि तेल थोडे वाढवावे. आधी भाजी-डाळ खाऊन मग भात खाल्ला तर साखर सावकाश चढते. चहातली साखर अर्ध्यावर आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि सर्वांत जास्त वाद त्याच्यावरच होतो.

नागलीबद्दल दोन शब्द, कारण 2023 च्या भरडधान्य वर्षापासून तिला औषधच समजले जाऊ लागले आहे. 100 ग्रॅम नागलीत तंतुमय भाग सुमारे 11 ग्रॅम, तर सडलेल्या तांदळात 3 ग्रॅमच्या आसपास. कॅल्शियम तर कितीतरी पट. पण पिष्ट तिच्यातही भरपूर आहे. दोन भाकरींच्या जागी चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. आणि पीठ पातळ शिजवून केलेली आंबील भाकरीपेक्षा लवकर पचते, हे मधुमेह्याने ध्यानात ठेवावे.

रक्तदाबासाठी पहिला शत्रू मीठ. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, एवढीच मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे. सुके बोंबील खायला मी मनाई करत नाही. ते गरिबाचे प्रथिन आहे. पण कोमट पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्यावे आणि कालवणात वरून मीठ घालू नये. मशेरी व तंबाखू सोडणे याहून कठीण, तरी सोडावीच लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. एका पाड्यावरच्या आजोबांनी सहा महिने हे सगळे नेटाने पाळले. साखर उतरली, अंगात जोर आला. दिवाळीनंतर ते वीटभट्टीवर गेले आणि गोळ्या बंद केल्या. मला म्हणाले, “बाई, ताप उतरला का गोळी सोडतो ना, तशी सोडली.” त्यांचा तर्क सरळ होता. पण मधुमेह तापासारखा उतरून जात नाही. परतले तेव्हा पायाला जखम होती, बधिरतेमुळे ती त्यांना कळलीच नव्हती. एक बोट काढावे लागले. आहार सुधारल्यावर काहींची गोळी खरोखर कमी होते, पण ती डॉक्टरने तपासून कमी करायची. आता स्थलांतराआधी आम्ही जादा गोळ्यांची व्यवस्था विचारतो आणि रोज रात्री तळपाय पाहायला घरच्यांना शिकवतो.

उपवास-प्रार्थना करणाऱ्यांनीही ऐकावे. मधुमेहाच्या काही गोळ्या व इन्सुलिन रिकाम्या पोटी साखर धोकादायक पातळीवर उतरवतात. घाम, थरथर, गोंधळ ही तिची लक्षणे. उपवास करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मोहाची दारू रिकाम्या पोटी घेणाऱ्यालाही हाच धोका.

दानीएलाने दहा दिवस शाकभाजी व पाणी घेतले, हे आपण रविवारच्या शाळेत शिकलो. आपल्या रुग्णांना मात्र दहा दिवसांत फरक शोधू नका म्हणून सांगावे लागते. एचबीए1सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. त्यातही आदिवासी भागात सिकलसेल बरेच आढळते आणि अशा रक्तात हा आकडा फसवा येऊ शकतो. तेव्हा उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर पाहावी. उपकेंद्रात तिशीनंतर साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात.

एवढ्याने खरोखर फरक पडतो का? चेन्नईच्या एका अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना तीन वर्षे आहार व चालण्याचे मार्गदर्शन केले. 2006 मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटलेला होता.

नाताळच्या शिध्याविषयीही एक विनंती. पिशवीत साखर, बिस्किटे आणि मैदा येतो. प्रेमाने येतो, हे आम्ही जाणतो. यंदा त्याऐवजी तूरडाळ, मसूर, शेंगदाणे, हरभरे द्या. आणि जमल्यास एक मजबूत चप्पलजोड. मापे आम्ही ऑक्टोबरमध्येच घेऊन ठेवू.