पेशीचे मोजमाप : पाटी, पोते आणि चणे

पाठ्यपुस्तकातील आकृतीत पेशीचा प्रत्येक घटक ओळखता यावा, म्हणून सर्वच घटक ठळक काढावे लागतात. विद्यार्थ्यांना नावे पाठ होतात. प्रमाणाची जाण मात्र येत नाही.

मानवी शरीरातील २० मायक्रॉन व्यासाची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी पेशी घेऊ. ती ५ लक्ष पटींनी मोठी कल्पिल्यास १० मीटर लांब, रुंद व उंच असे दालन होईल. त्याची भिंत, म्हणजे पेशीपटल, जेमतेम पाटीएवढी जाड असेल. तंतुकणिका धान्याच्या पोत्याएवढ्या, तर प्रथिने घडविणारे लक्षावधी रायबोसोम भिजवलेल्या काबुली चण्याएवढे दिसतील. ही साधने कोणत्याही खेड्यात मिळतात, हे विशेष. केंद्रक सुमारे ३ मीटर व्यासाचा गोल ठरेल. पण खरे नवल त्याच्या आत आहे. तेथील डीएनए हा १ मिलिमीटर जाडीचा धागा होईल आणि त्याचे सर्व तुकडे जोडल्यास लांबी सुमारे १,००० किलोमीटर भरेल! मुंबई ते नागपूर हा लोहमार्गही त्याहून कमी लांबीचा आहे.

याच मापाने पटकीचे जंतू साधारण पोत्याएवढेच लांब, परंतु त्याहून सडपातळ असतात. पाणी गाळण्याच्या साध्या एकेरी कापडाचे छिद्र मात्र या संपूर्ण दालनाहूनही मोठे असते. सुटा जंतू त्यातून सहज पार होतो. गाळलेले पाणी नितळ दिसले, तरी ते उकळावे लागते किंवा त्यात ब्लीचिंग पावडर ठरलेल्या मात्रेत मिसळावी लागते, ती याच कारणाने.