किल्ली कोणाच्या मॅकवर आहे?

झाशीत सीपरी बाजारात माझी एका खोलीची कचेरी आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि बुंदेली, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. शाळा, दुकानं, दवाखाने यांची मोबाइल अ‍ॅप मी बनवतो. कोडमधली चूक शोधली की सापडते. सायनिंग, म्हणजे अ‍ॅपवरची डिजिटल सही, अडली की मात्र तयार अ‍ॅप हातात असूनही ग्राहकाच्या फोनवर पोचत नाही. त्या अडण्यातून जे शिकलो, ते लिहितो.

१. सर्टिफिकेट हाती आलं म्हणजे किल्ली हाती आली असं नाही.

माझ्यासोबत काम करणारा मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला निघाला. जाताना त्यानं मॅक फॉर्मॅट करून स्वच्छ माझ्या हवाली केला. मी त्याला शाबासकीच दिली. तीन आठवड्यांनी एका कोचिंग क्लासच्या आयफोन अ‍ॅपमध्ये तातडीची दुरुस्ती करायची होती, दुसऱ्या दिवशी त्यांची परीक्षा. एक्सकोड म्हणालं, सर्टिफिकेट आहे, पण त्याची प्रायव्हेट की या मशीनवर नाही.

त्या रात्री मला नीट कळलं. कीचेन अ‍ॅक्सेसमधून आपण सर्टिफिकेटसाठी विनंतीची फाइल बनवतो, तेव्हा किल्ल्यांची जोडी आपल्याच मॅकवर तयार होते. अ‍ॅपलकडे जाते ती फक्त पब्लिक की. प्रायव्हेट की कधी बाहेर जातच नाही. त्यामुळे अ‍ॅपलच्या खात्यातून सर्टिफिकेट शंभरदा उतरवून घेतलं तरी उपयोग नसतो. मुलाची काहीच चूक नव्हती. किल्ली जपून ठेवायला मीच त्याला सांगितलं नव्हतं.

आता सर्टिफिकेट बनवलं की त्याच दिवशी किल्लीसकट पी-१२ फाइल काढतो. एक प्रत कपाटातल्या पेनड्राइव्हवर, दुसरी वेगळ्या जागी. पासवर्ड तिसरीकडे.

२. रिव्होक करताना कोणतं सर्टिफिकेट आहे ते पाहा.

त्याच रात्री जुनं सर्टिफिकेट रिव्होक करताना हात थरथरत होता. लोकांच्या फोनवरचं अ‍ॅप बंद पडेल असं वाटत होतं. तसं होत नाही. अ‍ॅप स्टोअरवर गेलेलं अ‍ॅप चालू राहतं, नव्या बिल्डसाठी नवं सर्टिफिकेट आणि नवं प्रोफाइल लागतं, एवढंच. एंटरप्राइझ सर्टिफिकेटचं मात्र तसं नाही. जानेवारी २०१९च्या अखेरीस अ‍ॅपलनं फेसबुकचं आणि पाठोपाठ गूगलचं एंटरप्राइझ सर्टिफिकेट रद्द केलं, तेव्हा त्या कंपन्यांची अंतर्गत वापराची अ‍ॅप कर्मचाऱ्यांच्या फोनवर उघडेनाशी झाली.

३. प्रोफाइल ही एक गाठ आहे.

अ‍ॅप आयडी, सर्टिफिकेट, परवानग्या आणि चाचणीच्या प्रोफाइलमध्ये फोनची यादी, इतकं त्यात बांधलेलं असतं. यातलं काहीही बदललं की प्रोफाइल नव्यानं बनवायचं. ग्राहकानं नवा फोन घेतला, बनवा. अ‍ॅपमध्ये पुश नोटिफिकेशन आणलं, बनवा. फोनच्या यादीत वर्षाला १०० आयफोन बसतात. एखादा काढून टाकला तरी त्याची जागा सदस्यत्वाचं नूतनीकरण होईपर्यंत मोकळी होत नाही. म्हणून वाटेल त्याचा फोन यादीत घालत नाही.

४. आपला कागद मुदतीत असणं पुरेसं नाही.

१४ फेब्रुवारी २०१६. माझी सगळी सर्टिफिकेटं मुदतीत होती, तरी कीचेनमध्ये एकजात अवैध दिसू लागली. मुदत संपली होती ती अ‍ॅपलच्या मधल्या सर्टिफिकेटची, ज्याच्या भरवशावर आमची उभी असतात. नवं उतरवलं तरी भागेना. जुनं कीचेनमध्ये दडून बसलं होतं. मुदत संपलेली सर्टिफिकेटं दाखवण्याचा पर्याय निवडला, ते पुसलं, तेव्हा काम झालं.

त्या दिवशी मला आमच्या गावाचा इतिहास आठवला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे राजे गंगाधरराव यांनी इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष दत्तक घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी ते वारले. विधी रीतसर, साक्षीदार हजर. तरी डलहौसीच्या सरकारनं ते दत्तक मानलं नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. त्या अन्यायाशी माझ्या अडचणीची तुलना होणार नाही. पण कागद मानणारा वर कोण बसला आहे, हे बघायची सवय झाशीच्या माणसाला असायला हवी.

५. अँड्रॉइडची कीस्टोअर फाइल हलक्यात घेऊ नका.

ऑगस्ट २०२१पासून नव्या अ‍ॅपची मूळ किल्ली गूगलकडे असते आणि आपली अपलोड की हरवली तर बदलून मिळते. अजूनही स्वतःच्याच किल्लीनं सही होत असलेल्या जुन्या अ‍ॅपला ही सोय नाही. तिथे फाइल गेली की त्या अ‍ॅपचं अपडेट कायमचं संपलं.

६. खातं ग्राहकाच्या नावावर.

सुरुवातीला सगळी अ‍ॅप मी माझ्याच खात्यात ठेवली. वर्षाचे ९९ डॉलर एकदाच भरायचे, सोयीचं वाटलं. मग एका वर्षी आजारपणात नूतनीकरण राहिलं आणि पाच जणांची अ‍ॅप एकदम स्टोअरवरून दिसेनाशी झाली. चूक माझी, नुकसान त्यांचं. बरा झाल्यावर एकेक अ‍ॅप त्यांच्या खात्यात हलवलं; रेटिंग आणि अभिप्राय तसेच राहतात, हे फार बरं आहे. आता काम सुरू होण्याआधी ग्राहकाला शेजारी बसवून त्याच्या नावानं खातं उघडतो. सर्टिफिकेट आणि प्रोफाइल, दोन्हींची मुदत एक वर्षाची. त्या तारखा महिनाभर आधीच्या पानावर कालनिर्णयमध्ये लाल शाईनं लिहितो.

माणिक चौकातल्या एका सराफांना मी पी-१२ची प्रत पाकिटात घालून दिली, तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. ते पाकीट त्यांनी तिजोरीत ठेवलं, गहाण दागिन्यांच्या खणात. पासवर्ड त्यांच्या मुलीकडे आहे.